मैदान कुणाच्या बापाचं?

(युवक शिबिरात केलेलं भाषण)



आजचा विषय वाचून काही दोस्तांनी नाकं मुरडली. अत्याचार आहेत, बेकारी आहे, राखीव जागांची कत्तल चाललीय, आणि हे काय खेळ-मैदान-फुरसत घेऊन बसलेत? खेळ हे भरल्या पोटाचे चोचले, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणतो, हे म्हणणं आपलं नाही. हे आपल्या डोक्यात भरवलेलं आहे. ज्यांनी हजारो वर्षं आपल्याला राबवलं त्यांचीच ही शिकवण आहे, की शूद्रातिशूद्रांनी फक्त राबावं. आराम, खेळ, गाणं, वाऱ्याला बसणं ही वरच्यांची कामं. मनूने नेमून दिलेल्या कामांच्या यादीत आपल्या वाट्याला सेवा आली. फुरसत आली नाही.

बाबासाहेबांनी हा मुद्दा फार आधी पकडला होता. 1945 साली काँग्रेस आणि गांधींवर त्यांनी जो ग्रंथ लिहिला, त्यात चरखा आणि खेडं यांच्या तत्त्वज्ञानावर हल्ला करताना ते यंत्राची बाजू घेतात. कारण काय? तर यंत्र माणसाला पशूच्या जगण्यातून सोडवतं, त्याला फुरसत देतं, आणि फुरसतीशिवाय संस्कृती उभी राहत नाही. बघा म्हणजे. फुरसत ही त्यांच्या लेखी चैन नव्हती, माणूस असण्याची अट होती. आणि हे त्यांनी नुसतं लिहून ठेवलं नाही. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना कारखान्यातल्या आठवड्याचे 54 तास 48 वर आणणारं विधेयक त्यांनी 1946 साली मांडलं. ते सहा तास म्हणजे काय? ते सहा तास म्हणजे पोराला खांद्यावर घेऊन चौपाटीवर जाणारा बाप. ते सहा तास म्हणजे संध्याकाळची कबड्डी. ते सहा तास म्हणजे रात्रशाळा.

आणि आज? सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 वर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास तेच राहतील, असं वर सांगतात. ज्याने बारा तासांची पाळी केलीय त्याला विचारा, त्या दिवशी त्याच्याकडे उरतं काय. लोकलमध्ये लटकायचं, घरी यायचं, आडवं व्हायचं. आणि जो मोटारसायकलवर पाठीला खोका बांधून लोकांची जेवणं पोचवतो, त्याला तर 48 तासांचा कायदासुद्धा ठाऊक नाही. त्याच्या मोबाईलमध्ये बसलेला मुकादम त्याला झोपेतही हाका मारतो.

म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की करा. वेळ हा हक्क आहे. दुसरी गोष्ट, जागा. वेळ मिळाला तरी जायचं कुठं?

ही मुंबई समुद्राकाठची. घामाची. मे महिन्यात पत्र्याखाली बसून बघा, डोक्यातलं तेल उकळतं. बीडीडी चाळी इंग्रजांनी 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडीला बांधल्या. 207 इमारती. खोली 160 चौरस फुटांची. त्या एका खोलीत आई-बाप, भाऊ, भावजय, गावाहून आलेला पाव्हणा. अशा खोलीत राहणाऱ्या पोराला ‘तू बाहेर का हुंदडतोस’ म्हणून विचारणारा माणूस एक तर मूर्ख असला पाहिजे, नाही तर चार खोल्यांचा मालक. गल्ली, गॅलरी, जिना, फूटपाथ हीच आपली बैठकीची खोली. बत्तीच्या खांबाखाली कॅरम लावला की पोलिसाची गाडी येते, ‘काय रे, टोळकं करून बसलाय?’ तेच जिमखान्याच्या व्हरांड्यात चार साहेब पत्ते कुटत बसले की त्याला क्लब म्हणतात. आपण बसलो की टोळकं!

आता या शहराच्या मैदानांचा इतिहास जरा उलगडून बघू. 1880 च्या सुमाराला किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेड मैदानावर पारशी आणि हिंदू पोरं क्रिकेट खेळायची आणि गोरे साहेब तिथंच पोलोचे घोडे नाचवायचे. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीची माती व्हायची. देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले, भांडण केलं. म्हणजे मैदानासाठी भांडणं ही या शहराची जुनी रीत आहे, आपण काही नवीन करत नाही. पुढं काय झालं? गोऱ्यांचा बाँबे जिमखाना 1875 पासून होताच. मग 1885 साली पारशी जिमखाना निघाला, 1894 साली हिंदू जिमखाना. आज मरीन ड्राइव्हवर फिरायला गेलात तर हिंदू, पारशी, इस्लाम, कॅथलिक असे जिमखाने ओळीनं दिसतील. समोर समुद्र, पाठीमागं लोकल. सरकारनं समुद्रकिनाऱ्याची जमीन धर्माधर्माला वाटून दिली. आपल्याला? आपण हिंदूंत मोजले गेलो. शिरगणतीत हिंदू, देवळाच्या दारात अस्पृश्य.

आणि त्याच हिंदूंच्या संघात आपल्यातला एक माणूस होता. पळवणकर बाळू. चांभाराचा मुलगा. पुण्यात पारशांच्या क्लबात महिना 3 रुपयांवर मैदान झाडायचा, रोळ फिरवायचा. मग गोऱ्यांच्या क्लबात गेला, तिथं पगार 4 रुपये. जाळी बांधायची, खेळपट्टी करायची आणि साहेबांना सरावासाठी बॉल टाकायचे. तासन्‌तास टाकायचे. डावखुरा फिरकी गोलंदाज तिथं तयार झाला. बॅट मात्र त्याच्या हातात कुणी दिली नाही. बॉल टाकणं हे कष्टाचं काम, ते नोकरानं करायचं. फलंदाजी साहेबाची. या खेळातसुद्धा वर्णव्यवस्था होती, आणि ती गोऱ्या साहेबाला आणि बामणाला सारखीच मानवत होती.

गोऱ्यांना हरवायचं म्हटल्यावर पुण्याच्या हिंदूंना बाळू आठवला. मैदानावर त्याच्या हातचा बॉल सगळ्यांनी झेलायचा, चहाच्या वेळी मात्र त्याला तंबूच्या बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. जेवायला वेगळं ताट, वेगळी जागा. पुढे तो मुंबईला आला. 1906 साली हिंदूंच्या संघानं युरोपियनांना 109 धावांनी हरवलं तेव्हा तो संघात होता. 1911 साली पटियाळाच्या महाराजाबरोबर जो संघ विलायतेला गेला, त्यात बाळूनं शंभरावर बळी घेतले. महाराजा कप्तान, कारण तो महाराजा. बाळूला हिंदूंनी कधी रीतसर कप्तान केलं नाही. 1920 साली या प्रश्नावरून त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतलं. हा बहिष्कार होता, दोस्तहो. क्रिकेटच्या मैदानावर केलेला सत्याग्रह. तो महाडच्या सात वर्षं आधी झाला. आणि 1923 साली हिंदूंना विठ्ठल पळवणकरला कप्तान करावं लागलं. मेहेरबानीनं मिळालं नाही, भांडून मिळालं.

आता गोष्टीचं दुसरं टोकही सांगतो, अर्धी गोष्ट सांगून टाळ्या घेणं आपलं काम नाही. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसनं याच बाळूला मुंबईत बाबासाहेबांच्या विरुद्ध उभं केलं. बाबासाहेब निवडून आले. आपला नामांकित माणूस उचलायचा आणि आपल्याच विरुद्ध उभा करायचा, हा डाव तेव्हाही होता, आजही आहे. बाळूच्या मनगटाला सलाम करायचा आणि हा डाव पण ध्यानात ठेवायचा.

विटाळाची अक्कल कशी चालते ते बघा. गिरणीत विणकाम खात्यात आपल्या लोकांना घेत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. थुंकी लागते म्हणून विटाळ. जास्त पगाराचं खातं ते, तिथं धर्म आडवा आला. क्रिकेटचा बॉल मात्र जनावराच्या कातड्याचा. ते कातडं सोलणारे, कमावणारे, शिवणारे हात कुणाचे? फाळणीनंतर सियालकोटचा धंदा जालंधर-मेरठला आला, तिथंही या कामाला बसलेले हात बहुतेक आपल्याच भाऊबंदांचे. तो बॉल बामणाच्या पोरानं पँटीवर घासला, त्याला थुंकी लावली, तरी विटाळ नाही! म्हणजे वस्तू चालते. तिच्यात मुरलेला घाम चालतो. माणूस चालत नाही.

आणि पाणी. पाण्याचं तर आपल्याला कुणी सांगायला नको. 1923 साली रावबहादूर बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे खुले करा. महाडच्या नगरपालिकेनं 1924 साली ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, पाण्यावर नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्यात उतरले, मग सनातन्यांनी गोमूत्र-शेणानं तळं ‘शुद्ध’ केलं. कोर्टात दहा वर्षं गेली. 17 मार्च 1937 ला हायकोर्टानं निकाल दिला.

आता मुंबईच्या तलावांकडे या. पोहण्याच्या तलावांकडे. ब्रीच कँडीचा तलाव युरोपियनांचा, स्वातंत्र्य आल्यावरही कितीतरी वर्षं देशी माणसाला तिथं मज्जाव. गिरगाव चौपाटीजवळच्या मफतलाल बाथच्या नावातच ‘हिंदू स्विमिंग बाथ’ आहे. समोर अरबी समुद्र पसरलाय, त्याला ना धर्म ना जात, आणि त्याच्याच काठावर भिंत बांधून पाण्याला धर्म चिकटवला. पाण्यात सगळं अंग भिजतं ना! एका पाण्यात दोन जातींची उघडी अंगं उतरली की यांच्या पोटात गोळा येतो. पाणी पिणं ही एक गोष्ट, पाण्यात खेळणं त्याच्या पुढची. म्हणून पोहण्याचा तलाव हा या शहरातला शेवटचा बंद पाणवठा आहे, असं मी म्हणतो. आज तिथं जातीची पाटी नाही. फीची पाटी आहे, सभासदाच्या शिफारशीची अट आहे. काम तेच होतं.

ही काय चैनीची गोष्ट आहे? दर पावसाळ्यात पेपरात बातमी असते. जुहूला, आक्साला, खदानीच्या डबक्यात, वस्तीतली पोरं बुडाली. समुद्राच्या शहरात जन्मली, समुद्रात मेली, कारण त्यांना कुणी पोहायला शिकवलं नाही. चार भिंतींतल्या निळ्या तलावात साहेबाचं पोर पाचव्या वर्षी हात मारायला शिकतं. आपलं पोर पंधराव्या वर्षी मित्रांच्या नादानं लाटेत उतरतं आणि परत येत नाही. मग टीव्हीवरचा शहाणा सांगतो, ‘पालकांनी लक्ष ठेवावं.’ पालक कुठं होता? पालक बारा तासांच्या पाळीवर होता! किंवा पालक त्याच चौपाटीवर झाडू मारत होता. लोकांनी भेळ खाऊन टाकलेले कागद, विसर्जनानंतरचा चिखल, भरतीनं परत आणलेला प्लास्टिकचा ढीग, हे सगळं उचलणारे हात कोणत्या जातीचे ते तुम्हांला माहीत आहे. एकाची मौज, दुसऱ्याची मजुरी. देवनारला 1927 पासून या शहराचा कचरा पडतोय, आणि आसपासच्या पोरांना खेळायला तोच डोंगर आहे.

गिरणगावाची कथा त्याहून कडू. जानेवारी 1982 मध्ये संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, गिरण्या कायमच्या मेल्या. उरली जमीन, सुमारे 600 एकर. 1991 च्या नियमानं ठरलं की गिरणीची जमीन विकासाला काढली तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. म्हणजे परळ-लालबाग-वरळीत 200 एकराच्या आसपास मैदानं झाली असती. 2001 साली नियमात गुपचूप बदल केला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्यांची. 2006 साली सुप्रीम कोर्टानं हा बदल कायम ठेवला. एका पेनाच्या फटक्यानं मैदानं गेली, टॉवर आले, मॉल आले. आणि यातला सगळ्यांत मोठा विनोद सांगतो. एका गिरणीच्या आवारात ‘कामगारांच्या करमणुकीसाठी’ म्हणून परवानगी काढली आणि तिथं बोलिंग ॲली उघडली! भाड्याचे बूट घालून लाकडाच्या बाटल्या पाडायच्या. बेकार झालेला साचेवाला तिथं कधी खेळायला गेला, हे शोधून काढणाऱ्याला मी बक्षीस देईन.

आज या शहरात माणशी दीड चौरस मीटरसुद्धा मोकळी जागा नाही. त्यातल्या कितीक जागा ‘देखभालीसाठी’ म्हणून संस्थांना, पुढाऱ्यांच्या मंडळांना दिल्या गेल्या आणि काही ठिकाणी त्यांचे क्लब झाले. 2016 च्या जानेवारीत लोक ओरडले तेव्हा त्या धोरणाला स्थगिती मिळाली. मैदानाला फाटक लागलं, फाटकाला वेळ लागली, वेळेला पहारेकरी. पहारेकरी आपलाच, गणवेशातला. तो आपल्याच पोराला हाकलतो.

इथं एक सापळा आहे, त्यातून सांभाळून चाला. मध्यमवर्गी माणूस म्हणतो, ‘मैदानं झोपडपट्टीनं खाल्ली. झोपड्या हटवा, बागा करा.’ म्हणजे आपलं घर आणि आपलं मैदान यांची आपापसांत झुंज लावून द्यायची आणि आपण टाळ्या वाजवायच्या. जून 2025 मध्ये मुंबई हायकोर्टानं एक नियम कायम ठेवला. मोकळ्या जागेसाठी राखीव भूखंडावर झोपडपट्टी असेल तर पुनर्वसन करताना 65 टक्के जागेवर इमारती आणि 35 टक्के जागा मोकळी. मी म्हणतो, घरही आपलं आणि मैदानही आपलं. ती 35 टक्के जागा जमिनीवर दिसली पाहिजे, रस्त्यावरून आत जाता आलं पाहिजे. बिल्डरच्या विक्रीच्या टॉवरखाली, लिफ्टच्या पलीकडे, कुंड्यांत लावलेलं मैदान आम्हांला नको.

मैदान म्हणजे नुसता खेळ नव्हे. नोव्हेंबर 1938 मध्ये मजुरांच्या संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या कायद्याविरुद्ध परळच्या कामगार मैदानावर बाबासाहेब बोलले तेव्हा ती जागा मोकळी होती म्हणून बोलले. 5 जानेवारी 1974 ला वरळीच्या बीडीडी चाळींत पँथरची सभा झाली, तिच्यावर हल्ला झाला, दंगल पेटली. 10 जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. ज्या वस्तीत चार पोरांना जमायला जागा नाही, त्या वस्तीत चळवळ उभी राहत नाही, हे सरकारला आपल्यापेक्षा जास्त चांगलं कळतं. आणि 6 डिसेंबरला बघा. वर्षातून काही दिवस खेड्यापाड्यांतून आपली माणसं दादरच्या किनाऱ्यावर येतात. शिवाजी पार्कवर रात्र काढतात, पुस्तकं विकत घेतात. कितीतरी म्हाताऱ्या तिथं पहिल्यांदा समुद्र बघतात, पायाला लाट लावून घेतात. तेवढ्या दिवसांत कुणाकुणाला ‘गैरसोय’ होते, कुणाला वास येतो. वर्षाचे बाकीचे साडेतीनशेहून जास्त दिवस आमची काय सोय असते, ते यांनी कधी विचारलं?

आता जरा आपल्या घरात बघू. आपली मंडळं आहेत, व्यायामशाळा आहेत. 14 एप्रिलला क्रिकेटचे सामने भरवतो. चांगलं आहे. पण त्यात पोरी कुठं आहेत? बापाला आठ तासांनी सुट्टी झाली, पोरांना मैदान मिळालं, आणि बहीण नळाच्या रांगेत. आई पहाटे चारला उठते, रात्री अकराला पाठ टेकते. तिचे तास कोणत्या कायद्यात मोजलेत? आपण वरच्यांना विचारतो, आमची फुरसत कुठं गेली? तोच प्रश्न तिनं आपल्याला विचारला तर उत्तर आहे आपल्याकडे? हंडा एक दिवस आपण उचलायचा आणि तिनं बॅट उचलायची, एवढं झालं तरी निम्मी क्रांती घरातच होईल. आणि दुसरं, मैदानावर आपल्याच पुढाऱ्यांचे फ्लेक्स आणि मांडव महिनोन्‌महिने उभे असतात. जयभीम म्हणून मैदान अडवणारा आणि रामनाम घेऊन अडवणारा, खेळणाऱ्या पोराला दोघं सारखेच.

मग करायचं काय? नुसतं भाषण ऐकून घरी जायचं नाही. मुंबईचा विकास आराखडा 2034 पर्यंतचा आहे, 2018 मध्ये मंजूर झालाय. त्यात प्रत्येक वॉर्डात खेळाचं मैदान, उद्यान म्हणून राखीव ठेवलेले भूखंड आहेत. आपापल्या वॉर्डाची यादी काढा. वॉर्ड ऑफिस देत नसेल तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज टाका. यादी हातात घेऊन त्या त्या जागी पायी जा. तिथं मैदान आहे की गोडाऊन, की कुणाचं लग्नाचं लॉन, ते लिहून काढा. वस्तीच्या भिंतीवर ती यादी लावा, लोकांना वाचू द्या. महापालिकेच्या तलावांत पालिका शाळेतल्या प्रत्येक मुला-मुलीला फुकट पोहायला शिकवा, ही मागणी घेऊन मोर्चा काढा. त्या मोर्च्याची तारीख 20 मार्च ठेवा. मैदानात पोरींसाठी रोजची वेळ, दिवे आणि संडास मागा. संडास नसेल तर पोरगी मैदानावर टिकत नाही, हे साधं सत्य आहे. आणि ज्यांच्या रोजच्या कामाचे तास वाढवायला निघालेत, त्या कामगारांच्या युनियनबरोबर उभे राहा. कारण तास गेले तर मैदान मिळूनही काही उपयोग नाही, रिकामं मैदान बिल्डरला लगेच दिसतं.

समुद्र काही कुणाच्या सात-बाऱ्यावर चढलेला नाही. वारा कुणाच्या नावावर नाही. त्यांच्या वाटेत ज्या भिंती आहेत त्या माणसांनी बांधल्यात, आणि त्या बांधायलाही विटा आपणच वाहिल्यात. उद्या रविवार आहे. यादीचं काम उद्यापासूनच सुरू करा.

जयभीम!